आमचं ठरेपर्यंत

आमच्या गोंडांच्या पंचाईतीत विचारल्याबरोबर कोणी उत्तर देत नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं कोणी केलं तर म्हातारे त्याला पोरकट समजतात. प्रश्न महत्त्वाचा असला की सगळे उठतात, गावामागच्या साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाखाली, देवापाशी जाऊन बसतात आणि शेवटच्या माणसाचं मन वळेपर्यंत बोलतात. एकाचं जरी अडलं तरी उत्तर अडतं. ही रीत मला आजही बरोबर वाटते. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

इंग्रजांच्या शेवटच्या काळात, लढाई चालू असताना, जंगलखात्यानं आपल्या हद्दीचे मुनारे, म्हणजे खुणेचे दगडी खांब, आमच्या गावाच्या आणखी जवळ आणायचं काढलं. म्हणजे मोहाची राई आणि ते साजाचं झाड, दोन्ही सरकारी जंगलात जाणार. मोहफुलं वेचायची, जळण आणायचं, गुरं चारायची, हा आमचा निस्तार. तो पुढं नाकेदाराच्या, जंगलाच्या रखवालदाराच्या मर्जीवर राहणार होता. भात संपल्यावर उन्हाळ्यात आम्ही मोहावरच जगायचो. नाकेदाराला हे चांगलं ठाऊक होतं. आमच्याच घरी खाऊन गेलेला माणूस तो.

तेवढ्यात निरोप आला, जंगलातल्या लोकांचं म्हणणं ऐकायला एक मोठा साहेब येणार. आमराईत तंबू लागला. साहेबाबरोबर गोंदियाचा एक कारकून होता. मी मराठी चौथी शिकलेलो, म्हणून गोंडीचं मराठी करायला मला पुढं बसवलं.

"साहब पूछते हैं, जंगलाबद्दल तुमाले काय पायजे?" कारकून म्हणाला. "बोला बिनधास्त. तुमचं म्हननं सीधा विलायतेपर्यंत जाईन."

मी ते गोंडीत सांगितलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, साहेबाला जोहार केला आणि सगळे उठून चालू लागले. यापेक्षा मोठा मान आमच्याकडे कोणत्याही प्रश्नाला देत नाहीत!

"अरे, हे काऊन उठले? रागावले का?"

"नाही जी. विचार कराले गेले. ठरलं का येतीन."

"किती टाइम लागन?"

"ठरेपर्यंत."

कारकुनानं कपाळावर हात मारला. मी पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं की साहेबाला थांबवा, आणि झाडाकडे पळालो.

तिथं वाद पेटलेला. बाकीच्यांचं म्हणणं, मोहफुलं आणि जळण तेवढं मागून घ्यावं. मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, एकटी आडवी आली होती. "आपल्याच घरातलं कायले मांगाचं?" ती म्हणे. "आज फुलं मांगसान, उद्या सावली मांगसान." भूमकानं, आमच्या गावदेवाच्या पुजाऱ्यानं, तिला समजावलं. मग तिनं भूमकाला समजावलं. उन्हं कलली तेव्हा कुठं सगळ्यांच्या माना डोलल्या. एकच वाक्य ठरलं, आणि ते मी मराठीत घोकून घेतलं: "आमच्या जंगलाचं काही ठरवाचं असन, त आमच्यासंगं बसून ठरवा."

आम्ही आमराईत पोचलो तेव्हा चपराशी तंबूच्या खुंट्या उपटत होते. साहेब केव्हाच अर्जुनीला गाडी पकडायला गेला होता. वरातीमागून घोडं म्हणतात, ते आम्ही झालो. कारकून मागं राहिला होता. मी त्याला ते वाक्य ऐकवलं.

"आता कायले सांगता?" तो म्हणाला. "साहेबानं विचारलं, तुमी उठून गेले. या लोकाईची काही मागनी नाही, असं समजलं त्यानं. बात खतम."

मी संतापलो. पी हळद अन् हो गोरी, अशी घाई होती तर ऐकायला आलाच कशाला? म्हाताऱ्यांना मात्र काय झालं तेच कळेना. प्रश्न विचारणारा माणूस उत्तर न घेता जातो, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पुढच्या मोहाच्या हंगामाला मुनारे गावाला येऊन भिडले. देवाला जायचं तरी नाकेदाराला विचारावं लागू लागलं.

लढाई संपली. मी तोवर शाळेत मास्तर झालो होतो. शाळेत येणाऱ्या वर्तमानपत्रात वाचलं की जगभरच्या देशांची मोठी पंचाईत बसली आहे, माणसाचे हक्क कोणते ते ठरवते आहे. एकेका वाक्यावर दिवस दिवस घालवतात, उठून बाहेर जातात, आपसात बोलतात, परत येऊन बसतात. हे उठून गेले, यांची काही मागणी नाही, असं त्यांना कोणी म्हणत नाही. आमच्यासाठी एक दुपार निघाली नाही!

घरी आल्यावर मी ते मोठ्या आईला वाचून दाखवलं.

"बराबर करून राहिले," ती म्हणाली. "असंच ठरवावं लागते. आपलं कोन बसलं हाये तिथं?"

"कोनी नाही."

तिनं मुनाऱ्यांपलीकडच्या मोहांकडे हात केला.

"आपलं त कवाचं ठरलं हाये," ती म्हणाली. "आयकाले कोनी थांबन का, तेवढं इचारून घे."

कोणाला विचारू, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.