आकडा बाहेर ठेवणारा सदा

"अरं, फायलीत हजार लिहिलंय की! मग ही रेघ हलंना कशी?" सदा कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या आलेखावर ओरडत होता आणि त्याच्या एम.ई.चे परीक्षक शांतपणे चष्मा पुसत होते. सदाचा आवाज असा, की राजारामपुरीत बोलला तर पार आमच्या गावी, गडमुडशिंगीत, म्हैस कान टवकारायची. त्या दुपारी मात्र त्या आवाजात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली… नव्वदीची अखेर होती ती. सदा झटक्यानं गेला, त्याला आता पाच आठवडे झाले, आणि मला तीच दुपार सारखी आठवते.

कुरुंदवाडचा गडी. घरात कानडी, बाहेर मराठी, कॉम्प्युटरशी दोन्हींत भांडणारा. आम्ही दोघं राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो. तिथल्याच एका मशिनवर त्यानं प्रबंधासाठी लटकं नेटवर्क उभारलं होतं : एका मशिनच्या पोटात पन्नास मशिनं, एकमेकांना निरोप धाडणारी. मी लोकांना पाच हजार सांगायचो. सदाचा नियम एकच. निरोपाला उशीर किती, मशिनं किती, असला कुठलाही आकडा प्रोग्रॅमात लिहायचा नाही. तो वेगळ्या फायलीत ठेवायचा आणि प्रोग्रॅमनं चालता चालता नाव घेऊन मागायचा. "मिसळीचा कट येगळा देत्यात का न्हाय? तसं. आधीच आत वतून ठेवलास, तर मग बदलणार काय, कपाळ?"

एकदा तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि ती फाईल फ्लॉपीत घालून घेऊन गेला. इकडं पोरांपुढं मिरवायला मी प्रोग्रॅम चालू केला, तर तो उशिराचा आकडा मागून अडून बसला. मी सरळ आत दहा लिहून टाकलं. उद्या काढू म्हटलं… राहून गेलं. पुढं चार महिने सदा फायलीत आकडे बदलत राहिला आणि रेघ सरळच. त्याला वाटलं, आपली पद्धतच एवढी भारी की उशिराचा तिला फरकच पडत नाही! तेच प्रबंधात लिहिलं. परीक्षकांनी फक्त फायलीत दहाचे हजार करायला सांगितले… रेघ तरी ढिम्म, म्हणजे प्रोग्रॅम फाईल वाचतच नव्हता. प्रबंध नामंजूर झाला. "चूक माझीच," एवढं सदा म्हणाला. तो घरी जाताच मी तो दहा गुपचूप काढून टाकला. सदानं एम.ई.चं नाव परत काढलं नाही.

मी मात्र तो किस्सा पुढं कायम रंगवला. कधी उंदरानं वायर कुरतडली, कधी व्हायरस घुसला, एकदा तर पंचगंगेचं पाणी मशिनीत शिरलं, तेही दुसऱ्या मजल्यावर! सदासमोरच सांगायचो. तो हसायचा. किस्सा संपला की माझ्याकडं बघत विचारायचा, "आनि?"

"आनि काय, च्या सांग की!"

अशी दहा वर्षं गेली…

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो. महादेवी वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांच्यापुढं बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता बोललो. "वहिनी, सदाच्या प्रोग्रॅमात तो आकडा मी लिहिला होता. नंतर काढलापण मीच."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"परीक्षक गेल्यावर, तुम्ही काढायच्या आधीच बघितला हुता त्यांनी," त्या म्हणाल्या. "सांगशीला म्हणून वाट बघत हुते."