लढाईच्या हिवाळ्यातली तान्ही

हिवाळ्यात तान्ह्या बाळाच्या घरी लंगोट साचतात ना, तसेच किस्सेही साचतात. कालचे अजून दमट असतात, तेवढ्यात आजचे बादलीत पडतात, आणि दोरीवर जागा म्हणून राहत नाही. परवा नातीला बाळ झालं. बघायला आलेल्या बायका एकेक सांगत बसल्या. आमचा असा रडतो, आमची अशी हसते. शेवटी कोणीतरी मला म्हणालं, "आजी, तुमच्या वेळचं सांगा ना काही." मी म्हटलं, सांगते, पण मग घरी जाऊन दिवा लावून झोपावं लागलं तर मला बोल लावू नका.

तर आमची मुलगी झाली ती एकाहत्तरच्या लढाईच्या थोडी आधी, दसऱ्याच्या सुमारास. आम्ही जबलपूरला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये. हे फॅक्टरीत टर्नर. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून बाळंतपण करायला सासूबाई आर्वीहून आल्या. शेजारच्या क्वार्टरमध्ये तिवारी भाभी. दोन्ही घरांना मिळून एकच अंगण. त्यांचा मुन्ना आमच्या मुलीहून थोडासाच मोठा. माझी दुनिया तेवढीच. यांना ओव्हरटाइममुळे सुट्टी मिळेना, त्यामुळे बारसं लांबत गेलं आणि मुलगी नुसती "तान्ही" राहिली.

*

फॅक्टरीत तयार झालेला दारूगोळा तपासायला लांबच्या मैदानावर उडवून बघत. सकाळी सुरू झालं की दिवसभर धाड, धाड. फळीवरच्या ताटल्या वाजायच्या. मला आधी धास्ती होती की लेकरू दचकेल. कसचं काय. तान्ही त्या आवाजात अशी गाढ झोपायची, की कान ठीक आहेत ना म्हणून मी तिच्या डोक्याशी वाटी वाजवून पाहिली.

एका दुपारी मी अंगणात लंगोट पिळत होते. भाभी मुन्नाला तेल लावत होत्या. एकदम तान्ही आत किंचाळून उठली. मी धावत गेले, तर इकडे मुन्नानंही भोकाड पसरलं. मग पलीकडच्या क्वार्टरमधून एक आवाज, त्याच्या पुढून आणखी एक. सगळ्या लाइनीतली तान्ही पोरं एकाच वेळी रडायला लागली. बायका पोरं छातीशी धरून बाहेर आल्या आणि एकमेकींची तोंडं बघत उभ्या राहिल्या. ना विंचू, ना साप, ना ताप.

सासूबाई दारात गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज थांबला."

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. मैदानावरचं फायरिंग बंद पडलं होतं. इतकी शांतता त्या वसाहतीत मी तोवर ऐकलीच नव्हती. आणि त्या शांततेत फक्त पोरांचं रडणं.

थोड्या वेळानं लांबून एक धाड आली. सगळी पोरं गप्प. हळूहळू नाही, एकदम, बटण दाबल्यासारखी.

भाभी मुन्नाकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "बहन, ये बच्चे हमारे हैं कि फॅक्टरी के?"

*

हे घरी यायचे ते तेलाचा, लोखंडाचा वास घेऊन. बापाची ओळख तान्हीला त्या वासानंच. रविवारी हे साबण लावून, पावडर लावून तिला घ्यायला गेले, की ती परक्यानं उचलल्यासारखी रडायची. बिचारे हिरमुसायचे. मग मी एक युक्ती काढली. यांचा कामाचा एक शर्ट न धुता पाळण्यात ठेवायला लागले. तो उशाशी असला की पोरगी तासन् तास झोपायची.

एकदा शर्टाची उजवी बाही पसरून मी तिचं डोकं त्यावर ठेवलं. ती दुपारभर हलली नाही. माझा स्वयंपाक झाला, धुणं झालं, एक झोपसुद्धा झाली.

संध्याकाळी हे आले ते उजवा हात चोळतच. म्हणाले, "आज काय झालं कळत नाही. जेवणानंतर हाताला मुंग्या आल्या त्या जाईचनात. मशीनवरून बाजूला बसावं लागलं. जसं काही कोणी हातावर डोकं ठेवून निजलंय."

सासूबाईंनी पाळण्यात पाहिलं, मग यांच्याकडे पाहिलं. तान्हीचं डोकं अजून त्या बाहीवरच होतं. त्यांनी हळूच ते उचललं, आणि त्याच क्षणी यांनी बोटं उघडमीट करून पाहिली. "गेल्या मुंग्या," म्हणाले.

सासूबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून डाव्या बाहीवर निजवत जा. उजव्या हातानं काम करते तो."

*

झोपेत बाळ हसतं, ओठ काढतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. सासूबाई म्हणायच्या, सटवाई येऊन कानात बोलते. "तुझी आई मेली" असं म्हणते, तर लेकरू हसतं, कारण त्याला माहीत असतं, आत्ताच तर दूध प्यायलोय. "तुझा बाप मेला" म्हणते, तेव्हा मात्र रडकुंडीला येतं, कारण बाप कुठे गेला हे त्याला कुठून कळणार. मला गंमत वाटायची. तान्ही हसली की मी म्हणायचे, "बघा, मी मेले."

एका सकाळी आम्ही दोघी उन्हात बसलो होतो. तान्ही सासूबाईंच्या पायांवर झोपली होती. ती हसतही नव्हती, रडतही नव्हती. कपाळाला आठी, भुवया जवळ आलेल्या, मान जराशी कलती. मोठं माणूस लक्ष देऊन ऐकतं तशी. मधेच ओठ हलायचे आणि थांबायचे.

मी हसून म्हटलं, "आई, आता काय सांगून राहिली असेल हो सटवाई?"

सासूबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग पदर ओढून तिचे कान झाकले.

"सांगून नाही राहिली," त्या म्हणाल्या. "विचारून राहिली."

*

लढाई लागली आणि ब्लॅकआउट सुरू झाले. खिडक्यांच्या काचांना काळा कागद. दिवेलागणीलाच भोंगा व्हायचा आणि रस्त्यावरून कोणीतरी ओरडत जायचं, "बत्ती बुझाओ." भाभींचे मिस्टरही ड्यूटीवर असायचे. एकटीला भीती वाटते म्हणून त्या मुन्नाला घेऊन आमच्याकडे येऊन बसायच्या. दोन्ही पोरं एकाच गादीवर, भोवती आम्ही तिघी.

एके दिवशी भोंगा झाला तेव्हा स्वयंपाक अर्धा व्हायचा होता. दिवा मालवला. हाताला हात दिसेना. पोरं चुळबुळायला लागली. मी चाचपडत एकाला उचललं. कुंची हाताला लागली, म्हणजे आमचीच. पाजायला घेतलं. भाभींनी मुन्नाला घेतलं. दोन्ही पोरांचं चुटूचुटू पिणं ऐकू येत होतं, बाकी काही नाही. कोपऱ्यात सासूबाई मांडी हलवत होत्या. त्यांच्या पाटल्यांचा बारीक आवाज येत होता आणि त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सुमन, मुन्ना कुठे आहे गं?"

"भाभीपाशी. दूध पिऊन राहिला."

"आणि आपली?"

"माझ्यापाशी."

पाटल्यांचा आवाज थांबला.

"मग माझ्या मांडीवर कोण आहे?"

आम्ही कोणी हललो नाही. भाभींनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. मी म्हटलं, "आई, हात लावून बघा."

"नाही," त्या म्हणाल्या. "झोपून राहिलं आहे. उठेल."

पुढचा भोंगा वाजेपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. सासूबाईंनी पुन्हा मांडी हलवायला सुरुवात केली होती, हळू हळू. काय करणार. शेवटी एकदाचा ऑल क्लिअरचा, धोका टळल्याचा भोंगा झाला, मी दिवा लावला. त्यांच्या मांडीवर तान्हीचं दुपटं होतं, गुंडाळी झालेलं. भाभींनी सुटकेचा श्वास सोडला, "हे राम, बस दुपट्टा है," आणि हसायलाच लागल्या. मीही हसले. हसत हसत मी ते उचलायला गेले.

दुपटं गरम होतं. आणि एका टोकाला ओलं.

*

हा पुढचा मी सहसा सांगत नाही. आज सांगते.

तान्हीला पोटदुखीचा त्रास व्हायला लागला. कोणीतरी सांगितलं, गढ्यात, म्हणजे जबलपूरच्या जुन्या भागात, एक जुनं जडीबुटीचं दुकान आहे, तिथली घुटी चांगली. भाभींना सोबत घेतलं आणि रिक्षानं गेले. गढ्याला मी पहिल्यांदाच जात होते. दुकान गल्लीत, अरुंद, आत अंधार. गल्ल्यावर मुलगा होता, पण पुड्या बांधायला त्याची म्हातारी आई बसलेली. डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं हात पुढे करून तान्हीच्या तोंडावरून फिरवला.

"लड़की है," ती म्हणाली. "पिछली बार तो लड़का लाई थीं, बहू. वो कैसा है?"

भाभी म्हणाल्या, "माँ जी, इनका तो पहला बच्चा है."

म्हातारी नुसती माझ्याकडे तोंड करून थांबली. तिला उत्तर माझ्याकडून हवं होतं.

आता तुम्हाला सांगायला हवं. तान्हीच्या आधी मला एक मुलगा झाला होता, आर्वीला. त्यानं श्वासच घेतला नाही. हे आम्हा नवराबायकोला आणि सासूबाईंना माहीत. जबलपुरात मी कोणालाही सांगितलं नव्हतं, भाभींनासुद्धा. त्याला मी नीट पाहिलंही नव्हतं. बायका म्हणाल्या, बघू नको, आणि घेऊन गेल्या.

मला वाटलं होतं मी रडेन. पण तोंडातून निघालं, "अच्छा है, माँ जी. बड़ा हो गया."

म्हातारीला समाधान वाटलं. तिनं घुटीची पुडी बांधली. मग बरणीतून चिमूटभर बडीशेप घेऊन कागदाच्या तुकड्यात वेगळी बांधली आणि माझ्या हातात दिली.

"ये उसके लिए. उसको मीठा अच्छा लगता है."

रिक्षात भाभींनी घरापर्यंत माझा हात तेवढा धरून ठेवला.

*

आता शेवटचा. लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी आमच्या वसाहतीजवळच्या रेल्वे फाटकापाशी फौजेच्या गाड्या थांबायच्या. सिग्नल मिळेपर्यंत बराच वेळ उभ्या असायच्या. लाइनीतल्या बायका केटल्या भरून चहा आणि पुऱ्या घेऊन जायच्या. मलाही जायचं होतं, पण सासूबाई इतक्या लहान लेकराला गर्दीत नेऊ देणार नाहीत हे माहीत होतं. मी म्हटलं, लाइनीच्या टोकाला उन्हात बसते, आणि तान्हीला घेऊन गेले.

एका डब्याच्या दारात एक पोरगेलासा जवान बसला होता. दक्षिणेकडचा असावा. चहा घेतला, पण नजर तान्हीवर. हिंदी त्याला जेमतेमच येत होती. दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "मेरा भी. छोटा. देखा नहीं."

मी तान्हीला त्याच्याकडे दिलं. त्यानं मानेखाली हात घालून अगदी नीट घेतलं, आणि तिच्या गालाला गाल लावून डोळे मिटून बसला. बाकीचे जवान चेष्टा करायला लागले होते, तेही गप्प झाले. गाडीनं शिटी दिली तेव्हा त्यानं तिला परत दिलं. तान्हीच्या गालावरची तीट पुसून त्याच्या गालाला लागली होती. काळा ठिपका. मी खुणेनं दाखवलं, तर त्यानं गालावर हात ठेवला आणि नको नको अशी मान हलवली. गाडी गेली.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "तीट कुठे गेली हिची?" मी म्हटलं, पुसली गेली असेल. त्यांनी दुसरी लावली. विषय संपला.

लढाई झाली, संपलीही. संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. दुपारी मी नळावर धुणं धुवून आले, तर सासूबाई दारात बसलेल्या, तान्ही आत पाळण्यात.

"एक पोरगा येऊन गेला," त्या म्हणाल्या. "मिलिटरीतला. तान्ही झोपली का विचारलं. मी म्हटलं, आत्ताच निजली. तर म्हणे, निजू द्या. इथूनच पाहतो. दारातून पाहिलं थोडा वेळ आणि गेला."

माझ्या हातातली बादली तशीच राहिली.

"कसा होता?"

"सावळा. लहानच होता गं. आणि गालाला काजळ लागलं होतं. मी म्हटलं, बाबू, पुसून घे. तर म्हणे, राहू द्या, माय, ते पुसलं जात नाही."

मी रस्त्यापर्यंत पळत गेले. ऊन पडलं होतं. एक सायकलवाला तेवढा चालला होता, दुसरं कोणी नाही. आमचं घर त्या जवानाला कोणी दाखवलं असेल, हा विचार करत मी परत आले. आणि मग उंबऱ्यातच थांबले. सासूबाईंना हिंदीचा शब्द कळत नसे, आणि त्या जवानाला मराठी कुठून येणार. भाजीवाल्याशीसुद्धा त्या बोटांनी व्यवहार करत.

"आई," मी विचारलं, "तुम्हाला त्याचं बोलणं समजलं कसं?"

त्यांनी वर पाहिलं.

"काहून नाही समजणार? आपल्या आर्वीकडचंच तर बोलून राहिला होता."