यॉर्कला हॅरी गेला, हर्षवर्धन परतला

बर्मिंगहॅम ते यॉर्क ट्रेनने अडीच तास. तिकीट आधी काढलंत तर निम्म्यात पडतं. मी शुक्रवारी संध्याकाळी तडकाफडकी ठरवलं, त्यामुळे खिशाला चांगलीच चाट बसली. कारण सांगतो. त्याच दुपारी आमचा मॅनेजर ब्रायन नव्या बॅजचा फॉर्म देऊन गेला. म्हणाला, "हर्षवर्धन क्लायंटला जड जातं. हॅरी लिहून टाक, सोमवारी दे." मी मान हलवली. त्या हललेल्या मानेचा मला इतका राग आला की वीकेंडला घरी बसणं शक्यच नव्हतं.

सोबतीला टीममधला ऑड. नॉर्वेचा. हो, नाव ऑडच! इंग्रजीत विचित्र, त्यांच्याकडे मात्र शस्त्राचं टोक. वर धाकट्या भावाचं नाव ईव्हन. सम आणि विषम! ऑफिसात सगळे एकेकदा हसून झालेत. तो म्हणतो, "एक दिवस हसतात, मग विसरतात. मी कशाला बदलू?"

स्टेशनातून बाहेर पडलात की आधी तटबंदीवर चढा. फुकट आहे, आणि तिथून मोठं चर्च फार देखणं दिसतं. टोपी न्याच, वारा कानाखाली वाजवतो. खाली उतरल्यावर ज्या त्या गल्लीच्या नावात 'गेट', आणि दरवाजा कुठेच नाही. ऑड म्हणाला, "गेट म्हणजे आमच्या भाषेत रस्ता. हजार वर्षांपूर्वी आमचे लोक इथे राहून गेलेत." दुपारी पबमध्ये यॉर्कशर पुडिंग खाल्लं. नावावर जाऊन गोड समजू नका, फुगलेला पोकळ पाव असतो, ग्रेव्हीत बुडवलेला. मी बॅगेतली लसणाची चटणी काढली तेव्हा कुठे घास उतरला.

मार्केटात एक बाई लाकडी चकत्यांवर व्हायकिंगांच्या लिपीत नावं कोरून देत होत्या. "व्हॉट नेम, लव्ह?"

"हॅरी," माझ्या तोंडून निघून गेलं.

ऑड खो खो हसत सुटला. "आमच्याकडे हॅरी म्हणजे भडक, गावंढळ! गाडीच्या आरशाला लटकवलेले फासे हॅरी, स्वस्त बेकनसाठी स्वीडनला मारलेली चक्कर हॅरी! आणि डेन्मार्कमध्ये टपोरी पोराला म्हणतात ब्रायन."

ब्रायन! मी पोट धरून हसलो. "पण असं का रे?"

"पूर्वी गरीब कामगारांनी पोरांना इंग्रजी नावं ठेवली. झोकदार वाटायची ना. शिकलेले शहरी लोक त्यावर हसले, आणि नावाचीच शिवी झाली."

माझं हसू तिथेच थांबलं. अरे, ही तर माझ्या घरची गोष्ट! नागपूरजवळच्या खेड्यात माझ्या आजोबांचं नाव होतं कचरू. आमच्या वस्तीत कुणी बरं नाव ठेवलं की गाव दात काढायचं, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या त्याच आजोबांनी नातवासाठी राजाचं नाव शोधलं. शाळेत गुरुजी म्हणाले, "एवढं लांब? नुसतं हर्ष लिहू." आजोबा म्हणाले, "पूरं लिहा गुरुजी. शाई कमी पडली त मी आणून देतो."

आणि मी काय केलं? एका फॉर्मपुढे मान हलवली. लाज वाटली मला, सरळ सांगतो.

"थांबा," मी बाईंना म्हणालो. "हर्षवर्धन. पूर्ण."

"चकतीवर मावणार नाही."

"मग मोठी चकती घ्या."

संध्याकाळच्या ट्रेनमध्ये ती चकती सगळा वेळ माझ्या मांडीवर होती. आता घरात टीव्हीवर उभी आहे.

सोमवारी ब्रायन फॉर्म बघून म्हणाला, "आपलं हॅरी ठरलं होतं ना?"

टपोरीचा विनोद अगदी जिभेवर आला होता. गिळला. त्याचंही नाव कुणीतरी हौसेनंच ठेवलं असणार.

"तू ठरवलं होतंस," मी म्हणालो. "माझं नाव हर्षवर्धन."

"एवढं बॅजवर बसणार कसं?"

"बसवा. शाई कमी पडली तर मी आणून देतो."

त्याला काही कळलं नाही. बॅज आठवड्याने आला. अक्षरं मुंगीएवढी होती, पण इंग्रजीतली तेराच्या तेरा होती.