सर्व्हरची एकटी डिस्क

"एकच? अरे गाढवा, एकच बसवलीस?"

मित्र एवढ्या मोठ्याने ओरडला की लोट्याहून रत्नागिरीला तो फोनशिवायही ऐकू आला असता. लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. "आमच्याकडे आठ आहेत, आठ! एक अडली की बाकीच्या सांभाळून घेतात. तू घरात एकटी कशाला आणलीस?"

कशाला म्हणजे? त्याच्याच तोंडून ऐकलं होतं, की सर्व्हरची डिस्क वर्षभर रात्रंदिवस फिरते, दमत नाही. त्यापुढचं ऐकायची मला सवय नाही.

बाबांच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. आणि बाबांचा आवाज म्हणजे काय! अंगणातून हाक मारली की भाट्याच्या पुलावर एसटी थांबायची आणि कंडक्टर खाली उतरून विचारायचा, "आम्हाला काय हो?" मी कॉम्प्युटरला माइक लावला आणि आठवडाभर रोज सकाळी त्यांना बोलतं केलं. बागेतल्या एकेका कलमाचा स्वभाव, नाटे बंदरावर सुरमईवरून झालेलं भांडण, आणि आईला मारायची ती हाक, "अगो, ऐकलंस काय?" नावाने त्यांनी तिला जन्मात हाक मारली नाही. तिच्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

हा ऐवज साध्या डिस्कवर ठेवायचा? दुकानदार म्हणाला, "भाऊ, घरच्या कॉम्प्युटरला सर्व्हरची कशाला? तेवढ्यात दोन साध्या येतात. एक आत बसवा, दुसरीवर कॉपी करून कपाटात ठेवा."

"कपाटात लोणचं ठेवतात," मी म्हणालो. आमच्या खाऱ्या हवेत सकाळी ठोकलेला खिळा संध्याकाळी चहातल्या बिस्किटासारखा तुटतो, आणि हा मला साधी डिस्क विकतोय! सर्व्हरचीच आणली. ती चालू झाली की घरघरीने शेजाऱ्यांची मांजर माळ्यावर चढायची. ही माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल, असं मी गावभर सांगितलं.

ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलं तसंच झालं. दीड वर्ष झालं आणि डिस्कवरचे बाबा मध्येच थांबायला लागले. वाक्य अर्धं, मग शांतता, मग पडद्यावर 'फाइल वाचता येत नाही'. का, ते मित्राने त्या फोनवर सांगितलं. घरची डिस्क खराब जागी अडली की तिथेच झटत बसते, पुन्हा पुन्हा वाचून बघते. सर्व्हरची चार-सहा सेकंदांत हात वर करते. तेच सगळं शेजारच्या डिस्ककडे आहे, असं ती धरून चालते.

"शेजारीण कुठाय तिची?" तो म्हणाला. "बरं, दुसरी कॉपी?"

"कपाटात लोणचं आहे," मी म्हणालो.

"मग चालू करू नको. हातही लावू नको."

मी तोवर ती चाळीस वेळा चालू करून बघितली होती. एरवी मी चारचे चाळीस करतो, हे मात्र खरे चाळीस. आता तिच्यातून नुसती टकटक येत होती. मुंबईला दुरुस्तीला पाठवली, तशीच परत आली.

आई स्वयंपाकघरात कुळीथ निवडत बसली होती. मी उंबऱ्यात उभा राहून सांगितलं, "आई, बाबांचं सगळं बोलणं गेलं. ती हाकसुद्धा."

तिने सुपातली नजर काढली नाही.

"हल्ली ते टाळी वाजवतात," ती म्हणाली. "कळतं मला."