तिची पहाटेची झोप

मला पाहायला आले तेव्हा त्यांच्याकडच्या मोठ्या माणसांनी नेहमीचेच प्रश्न विचारले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, चष्मा कधीपासून आहे. सगळ्यांचं विचारून झाल्यावर मुलगा म्हणाला, "अजून पळता का?"

मी धरणगावची. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये पंधराशे मीटर पळाले होते आणि ही गोष्ट पाहुण्यांपासून लपवायची असं आमच्या घरी आदल्या दिवशीच ठरलं होतं. त्याला ती कुठून कळली कोण जाणे. आईने पदराआडून डोळे वटारले, तरी मी "हो" म्हणाले. "मग लग्नानंतरही पळा," तो म्हणाला. त्याची सरकारी नोकरी, गावाकडची जमीन, हे सगळं आईवडिलांनी पाहिलं. मी पाहिलं ते एवढं एक वाक्य, आणि त्याच्यावर भुलून होकार दिला. समोर मी त्याला आजही अहो-जाहो करते. लिहिताना मात्र तेवढा मान द्यायची माझी इच्छा नाही.

धुळ्याला देवपुरात आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. मागेच एका कॉलेजचं मैदान होतं. पहाटे तिथे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं असायची, मफलर गुंडाळून फेऱ्या मारणारे निवृत्त मास्तर असायचे आणि ओढणी कमरेला बांधून, कॅनव्हासचे बूट घालून पळणारी मी. सुरुवातीला पोरं हसायची. त्यांच्यातल्या दोघा-तिघांना मागे टाकल्यावर हसणं बंद झालं. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य वर आला की लगेच अंग भाजायला लागतं, त्यामुळे जे काय पळायचं ते झुंजूमुंजू असतानाच. ती वेळ चुकली की दिवस गेला.

नव्वदनंतर एक-दोन वर्षांतच आम्हाला मुलगी झाली. बाळंतपणाला मी धरणगावला होते. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला रुमाल आणि प्रत्येक येणाऱ्या बाईचा एकच सल्ला, की आता पळालीस तर अंग बाहेर येईल. मी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि लाडू खाल्ले. धुळ्याला परतले तेव्हा मात्र माझं शरीर मलाच परकं वाटायला लागलं होतं. मुलींच्या एका शाळेत मी खेळाची शिक्षिका होते, तीही हंगामी. रजा संपल्यावर दुपारी शाळा, तेवढा वेळ लेक शेजारच्या आक्कांकडे, सकाळी नळाचं पाणी, स्वयंपाक, लंगोटांचा ढीग, रात्री जागरण. दिवसात माझा असा वेळच उरला नव्हता. एकदा मोरीत लंगोट धुता धुता मला रडू फुटलं. त्याने ते पाहिलं. जवळ बसून म्हणाला, "पहाटे जात जा तू. तेवढा वेळ ती माझ्याकडे."

पहिले काही दिवस वाईट गेले. मी घराबाहेर पडले की लेक उठायची आणि घर डोक्यावर घ्यायची. मी परतायचे तेव्हा तो तिला खांद्यावर टाकून खोलीत येरझारा घालत असायचा, डोळे तांबारलेले, चेहरा उतरलेला. आता हा नको म्हणणार, असं रोज वाटायचं. तो काही म्हणाला नाही. त्या रविवारी तो नरडाण्याजवळच्या त्याच्या गावी जाऊन आला आणि येताना आईकडून घुटीची डबी घेऊन आला. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, जायफळ, सगळं नीट त्या डबीत. "पहाटेची घुटी मी घालत जाईन," म्हणाला. पुरुषमाणूस मांडी घालून सहाणेवर घुटी उगाळतोय, हे दृश्य आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. मी ते दाराशी उभी राहून डोळे भरून पाहिलं.

आणि दोन-तीन दिवसांत लेक शहाणी झाली. मी निघताना तिला पाजून जायचे, तो घुटी चाटवायचा आणि मी परतले तरी ती गाढ झोपलेली असायची. तोही तिच्या शेजारी झोपलेला. मी धापा टाकत दारात उभी राहायचे, कुर्ता घामाने आणि दुधाने भिजलेला. छाती भरून आलेली असायची, पण लेक उठायची नाही, उचलून जवळ घेतली तरी तोंड लावायची नाही. मग मोरीत जाऊन दूध पिळून टाकावं लागे. पांढरी धार पाण्याबरोबर वाहून जाताना जिवाला लागायचं, पण झोपलेल्या लेकराला उठवायचं नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय मी पुन्हा पळत होते. पाय पूर्वीसारखे पडत होते, दम टिकत होता, शाळेत मुलींना शिट्टी मारून पळवताना मी स्वतःही त्यांच्याबरोबर धावायचे. शिक्षकांच्या खोलीत मी नवऱ्याचं कौतुक इतकं करायचे, की बाकीच्या बाया कंटाळल्या. एक जण म्हणाली, "नशीब काढलंस बाई. आमच्याकडे पोर रडलं तर कूस बदलून झोपतात."

असे दोन-अडीच महिने गेले. मग त्याला ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी आठवडाभर नाशिकला जावं लागलं. तेवढे दिवस सोबतीला सासूबाई गावाहून येणार होत्या, पण त्यांचं काहीतरी काम निघालं आणि त्यांना दोन दिवस उशीर झाला.

तो गेला त्याच दिवशी लेक बिघडली. झोपेना, पिईना, पाय पोटाशी घेऊन रडायची. एकामागून एक शिंका, जांभया, कपाळावर घाम. "बापाची सवय झाली, बापाले शोधस ती," आक्का म्हणाल्या, आणि मला ते पटलं. इतकंच नाही, मला भरून आलं. मी त्याचा सदरा तिच्या उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची मान माझ्या हातावर लुळी पडली, तेव्हा मी रिक्षा करून मुलांच्या डॉक्टरांकडे धाव घेतली.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी लेकीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "घुटी घालता?"

"हो. तिचे वडील घालतात," मी म्हणाले, तेही जरा ऐटीतच.

"त्यात अफू असते?"

मला इतका राग आला, की मी लेकीला टेबलावरून उचललीच. "डॉक्टर, आम्ही शिकलेली माणसं आहोत."

"शिकलेल्यांचीही येतात, बाई. अगोदर भरपूर झोपायची का? आणि आता बंद झाली म्हणून असं. कोणीतरी देत होतं. घरी विचारा आणि तासाभरात तिला घेऊन परत या. उशीर करू नका."

मी रिक्षात बसून त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. घरी आले तर सासूबाई पायरीवर पिशवी घेऊन बसलेल्या. लेकीचं रडणं ऐकून त्या उठल्या, तिला माझ्याकडून घेतली आणि अगदी सहज म्हणाल्या, "कसाले रडस इतली? आज गोयी दिधी नही का तिले?"

"कसली गोळी?"

"झोपनी. घुटीनी डबीमा शे ना." त्यांनी घरात जाऊन फळीवरची डबी काढली. जायफळाच्या खाली कागदाची पुडी होती आणि पुडीत काळ्या बारीक गोळ्या. गुजरातच्या बाजारातून कुणाकुणाच्या हाती अफूच्या अशा गोळ्या आमच्या खेड्यांत येतात, हे मला ऐकून माहीत होतं. माझ्या घरात त्या असतील, हे माहीत नव्हतं. मी ती पुडी त्यांच्या हातातून ओढून घेतली, तशा सासूबाई घाबरल्या. "माले वाटनं, तुले ठाऊक शे. त्यानीच मनाजोडे मांगी. सकायले झोप व्हत नही म्हने. तो धाकला व्हता तव्हय मी बी दिधी त्याले. शेतमा जावाले लागे, पोर कोन संभाळी?"

म्हणजे गोळी त्याने स्वतः त्यांच्याकडून मागून आणली होती. सासूबाईंचा मला राग आला नाही. भर उन्हात कापूस वेचायला जाताना त्यांना पोर बांधावर झोपवावं लागायचं. दुसरा इलाज त्यांच्याकडे नव्हता आणि त्यांनी ते कुणापासून लपवलंही नव्हतं. ती पुडी मुठीत धरून मी परत दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी काही विचारलं नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार. लेकीला तिथेच ठेवून घेतलं. तिच्या एवढ्याशा हाताला शीर सापडत नव्हती. सलाईनची सुई शेवटी डोक्याला लावावी लागली आणि त्यासाठी तिच्या जावळातला एक भाग भादरला. मी तिचे पाय धरून उभी होते.

निरोप मिळाल्यावर तो ट्रेनिंग अर्धवट टाकून एसटीने आला, सरळ दवाखान्यात. तोवर लेकीचा धोका टळला होता. आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात बोललो. आधी तो रडला. मग म्हणाला, एवढीशी तर गोळी होती, आम्ही सगळी भावंडं त्याच गोळीवर वाढलो, काय झालं आम्हाला?

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं, तर तू पळायला गेली असतीस का?"

"म्हणजे मी पळावं म्हणून पोरीला अफू दिलीत?"

"मग काय करायचं होतं? रात्री जागरण, पहाटे तिचं रडणं, वर दिवसभर ऑफिस. तुझा हट्ट मोडवत नव्हता माझ्याच्याने. तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं?"

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. झोप त्याला हवी होती. "मला जमत नाही, चार महिने पळू नकोस," एवढं तो बोलला असता तर मी चिडले असते, रुसले असते, पण थांबले असते. ते बोलायची त्याची हिंमत झाली नाही. पळा म्हणणारा नवरा ही त्याची शोभा होती, ती त्याला घालवायची नव्हती. म्हणून त्याने पोरीला गुंगवलं आणि आता त्याचा दोष माझ्या पदरात टाकत होता. मी जिच्यावर सगळ्यांत जास्त खूश होते ती तिची झोप, आणि ज्याच्यावर खूश होते तो तिचा बाप, दोन्ही खोटं निघालं. मोरीत वाहून गेलेलं दूध मला आठवलं.

धरणगावहून आई आली. सगळं ऐकून घेतल्यावर ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाली, "आता पुरे कर तुझं पळणं." आक्काही तेच म्हणाल्या. शाळेतल्या बायांना कुठून तरी कळलं, त्याही तेच म्हणाल्या. त्याला कुणी काही म्हणालं नाही. भोळा आहे, आईचं ऐकलं बिचाऱ्याने, एवढंच. सगळ्यांचा हिशेब एकच, की आई घरात असती तर हे झालंच नसतं.

मीही ते बूट माळ्यावर टाकले होते. दोन-तीन आठवडे तसेच गेले. लेक रडायची, हसायची, भुकेने ओरडायची, माझ्याकडे बघून दूध प्यायची. ती नीट झाली तसा माझा संताप वाढत गेला. मी पळणं सोडलं, तर त्या व्हरांड्यात तो जे बोलला ते खरं, असंच ठरणार होतं. लेकीला अफू माझ्या पळण्याने दिली, असा त्याचा अर्थ झाला असता, आणि पुढे ती मोठी झाल्यावर तिलाही तसंच सांगितलं गेलं असतं. एका संध्याकाळी मी बूट खाली काढले, धूळ झटकली आणि त्याला म्हणाले, "उद्यापासून तिला घेऊन मैदानावर यायचं. मला ती जागी दिसली पाहिजे."

तो आला. वाद न घालता आला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दुपट्यात गुंडाळलेली लेक मांडीवर घेऊन तो मैदानाच्या पायरीवर बसायचा. ती कुरकुरायची, हातपाय झाडायची, त्याच्या चष्म्याला लोंबकळायची. मी फेरी पुरी करून समोरून जाताना तिच्या डोळ्यांकडे बघायचे. त्याच्याकडे बघायचे नाही. काही दिवसांनी मी यायची वेळ झाली की तो आपणहूनच तिला उचलून माझ्याकडे तोंड करून धरायला लागला.

थंडी सुरू झाल्यावरची एक पहाट. मैदानावर धुकं होतं. पायरीसमोरून जाताना पाहिलं, तर लेकीची मान त्याच्या खांद्यावर टाकलेली आणि डोळे मिटलेले. मी त्याच झोकात थोडी पुढे गेले आणि गर्रकन मागे फिरले. तिला ओढून घेतलं, टोपरं काढलं, गाल हलवले, तळवे चोळले, मोठमोठ्याने हाका मारल्या. भरतीची पोरं थांबून बघायला लागली. एका मास्तरांनी "काय झालं, ताई?" म्हणून विचारलं. लेकीने डोळे उघडले, मला पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"अगं, नुसती झोपली होती ती," तो म्हणाला. "गारठ्याने डोळा लागला असेल. तिची शपथ."

तो खरं बोलत होता. मला ते तेव्हाही कळत होतं.

"तुम्ही म्हणता," मी म्हणाले, आणि रडणारी लेक त्याच्या हातात देऊन पळायला लागले.