आंबापोळीवरचं छप्पर

आत्मारामने तीस वर्षं फायबरच्या होड्या बांधल्या. गुडघे गेल्यावर होड्या सुटल्या आणि छपरांची डागडुजी तेवढी उरली. आज तो शेजारच्या मालनवहिनींच्या पडवीच्या छपरावर चढला होता. कावळ्यांचा त्रास नको म्हणून त्या फायबरच्या पारदर्शक पत्र्याखाली आंबापोळी वाळत घालायच्या. पण आठ उन्हाळे खाऊन पत्रा पिवळा पडला, त्यातले काचेचे धागे उघडे झाले आणि वाऱ्याबरोबर पोळीवर गळू लागले. आंब्यांचा हंगाम आता चारच दिवस उरला होता.

काचेचे धागे टोचू नयेत म्हणून त्याने हातांना खोबरेल चोळलं, पत्रा घासून पुसला आणि रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर घातलं. सावलीतल्या होडीला घालायचा तेवढंच, हाताच्या सवयीने. भर उन्हात ते डब्यातच तापलं, धूर सोडू लागलं आणि दगड झालं. अर्धं रेझिन गेलं.

“धूर कसला ओ, भावोजी?” वहिनींनी खालून विचारलं. “वर चूल मांडलीत की काय?”

उरलेलं रेझिन सगळीकडे पातळ फिरवलं असतं, तर यंदा कुणाला कळलंही नसतं. त्याने हार्डनर निम्म्यावर आणलं, विहिरीकडचं अर्धंच छप्पर दोन हात देऊन पक्कं केलं आणि एकेका पायरीवर थांबत उतरला.

“चूक माझी झाली, वहिनी. उद्यापासून पोळ्या विहिरीकडच्या बाजूलाच घाला. बाकीचं नवं रेझिन आणून परवा सकाळी करतो.”

“या गुडघ्यांनी?”

“दुसरे कुठून आणू?” असं म्हणून त्याने शिडी भिंतीलाच राहू दिली.