मी विकलेली सूज

औषध कंपनीचा एमआर म्हणून मी कल्याण ते टिटवाळा इथल्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं एकच वाक्य विकलं. "सर, आमची गोळी नुसतं कोलेस्टेरॉल उतरवत नाही, रक्तवाहिन्यांच्या आतली सूजही कमी करते." कसली सूज, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी चकचकीत पत्रकाचं पुढचं पान उलटलं असतं. डॉक्टरही थोर, त्यांचं लक्ष माझ्या बॅगेतल्या फुकट पेनांवर.

निवृत्तीनंतर भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना छाती आवळून यायला लागली. थांबलो की बरं, चढलो की पुन्हा तेच. महिनाभर मी त्याला गॅस म्हटलं. शेवटी बायकोने ओढत डोंबिवलीतल्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. निदान स्टेबल अँजायना, म्हणजे श्रम केले की हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं. नाडी मंद ठेवणारी गोळी, दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी, रक्त पातळ ठेवणारी एक, आणि चौथी माझ्या जुन्या ओळखीची, मी विकायचो तीच.

मी हसलो. "मॅडम, सूजबीज मला नका सांगू. ती थाप मारूनच माझं पोट भरलंय."

बाकीच्या घेतल्या, चौथी टाळली. दुखणं थांबलं, तसा मी स्वतःला आणखीच शहाणा समजायला लागलो. पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल तसंच, सूज दाखवणारा आकडाही चढलेलाच.

"गोळी घेत नाही ना?" बाईंनी विचारलं.

बायको म्हणाली, "सगळी पाकिटं डब्यात तशीच पडलीयेत."

"दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या वेगळ्या," बाई म्हणाल्या. "रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचलीय, तिथे धग आहे, तीच ती सूज. तो थर फुटला तर रक्ताची गाठ होऊन झटका येतो. तो धोका कमी करायला ही गोळी. घेतलीत तरी तुम्हाला काहीही जाणवणार नाही. म्हणूनच लोक ती सोडतात."

काहीही जाणवणार नाही! असं सांगून कुठला एमआर गोळी विकेल? माझं वाक्य खरं होतं, आणि ते खरं की खोटं हे बघायची तसदी मी कधी घेतलीच नव्हती. फार लाज वाटली.

गोळी सुरू केली. काही महिन्यांत दोन्ही आकडे उतरले.

परवा कंपनीतला जुना सोबती भेटला. त्यालाही अँजायनाच. गोळ्या बंद, लसणाचा काढा चालू. "ते सगळं मार्केटिंग रे, आपल्याला माहितीये ना!" म्हणाला.

"आपल्याला काय डोंबल माहितीये?" मी म्हटलं, आणि त्याला रिक्षात घालून थेट बाईंकडे नेलं. वाटभर तो मला हसत होता.